हजेरीपटावर नसलेली माणसं

दिवाळीत नातू पुण्याहून साखऱ्याला आला होता. ओसरीवर बसून मोबाइलवर त्याचं ते जाझ ऐकत होता. मला जाझमधलं ओ की ठो कळत नाही. पण वरच्या ट्रम्पेटखाली एक जाड, घुमता आवाज सारखा चालत होता, दिंडीत कुणी ठाम पावलं टाकत चालावं तसा. विचारलं, "हे काय वाजतंय रे?" म्हणाला, "डबल बेस, आबा. माणसापेक्षा उंच व्हायोलिन समजा. उभं धरायचं आणि तारा बोटांनी छेडायच्या." वाजवणारा कोण, तर पिएर मिशेलो नावाचा फ्रेंच माणूस. नातवाने मोबाइल पुढे केला. पाच वादकांची नावं आणि प्रत्येकापुढे त्याचं वाद्य!

मग त्या मिशेलोची सगळी कारकीर्दच नातवाने वाचून दाखवली. जन्म १९२८. डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसला माइल्स डेव्हिसबरोबर लुई मालच्या चित्रपटाचं संगीत वाजवलं, ते हेच. १९५९ पासून जाक लुसिएच्या त्रयीत बाखच्या रचना जाझच्या अंगाने वाजवल्या. १९८६ च्या 'राउंड मिडनाइट' चित्रपटात तो पडद्यावरही दिसतो. २००५ साली वारला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे उभा राहून साथ केलेला माणूस. पण त्याचं काम साल लावून सांगता येतं, कारण रेकॉर्डच्या वेष्टनावर दरवेळी त्याचं नाव छापलं गेलं.

आता आपल्याकडे या.

'अलबेला' (१९५१) ची गाणी माझ्या पिढीला तोंडपाठ. संगीत आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं. त्या गाण्यांमधला ट्रम्पेटचा झणका ऐकून आम्ही माना डोलावल्या. तो झणका आणणारा चिक चॉकलेट म्हणजे गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियु शावियेर वाझ. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जाझ वाजवणारा माणूस. 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावर दिसतोसुद्धा. आपण बघितलं ते भगवानदादांना.

अशी गोव्याची किती माणसं! चर्चच्या शाळांतून लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला शिकलेली. मुंबईच्या हॉटेलांत ती जाझ वाजवत. स्वातंत्र्यानंतर दारूबंदी आली, हॉटेलातलं काम आटलं, तशी बरीचशी सिनेमाकडे वळली. संगीतकाराने चाल दिली की पन्नास माणसांत कुणी कुठे काय वाजवायचं ते कागदावर उतरवणारी हीच मंडळी. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसूझा उभे होते. अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ पासून पोरासोरांना पाठ आहे. पण ते माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, प्यारेलालजींचे गुरू, आणि शिष्याने आठवण म्हणून ते नाव गाण्यात घालवलं, हे किती जणांना ठाऊक? २०१२ साली ते गेले. नाव राहिलं, माणूस विसरला.

आणि या ताफ्यात डबल बेस घेऊन मागे उभा असलेला? त्याचं तर नावही नाही. रेडिओवर ऐकलं ते गायक, गीतकार, संगीतकार. पुढे लगेच गाणं सुरू. चित्रपटाच्या आरंभी एखादं साहाय्यकाचं नाव झर्रकन जायचं, बस्स.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, त्यांना मजुरी मिळाली ना? मिळाली. पण मजुरी म्हणजे श्रेय नव्हे. कुणी म्हणेल, चाल तर संगीतकाराची. मान्य. नकाशा त्याचा, म्हणून गवंड्याने घर बांधलंच नाही असं होतं का? आणि रेकॉर्डवर जागा कुठे होती, ही सबब तर आता चालायचीच नाही. मोबाइलवर जागेला काय तोटा? तरी आजही जुनं गाणं चढवणारा तीनच नावं लिहितो. मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांना भेटून २००८ मध्ये त्यांच्यावर जाडजूड पुस्तक काढलं ते ग्रेगरी बूथ या परदेशी प्राध्यापकाने. मला याची लाज वाटते.

शाळेत हजेरीपट असतो. त्यावर नाव नसलं, तर पोरगं वर्षभर बाकावर बसूनही कागदोपत्री शाळेत आलेलंच नसतं. आपण एका अख्ख्या पिढीचं असंच केलं.

आणि हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका दरवर्षी मीच लिहायचो. गाणाऱ्या मुली, बसवणाऱ्या बाई, अध्यक्ष, पाहुणे, सगळ्यांची नावं. गावातला एक ढोलकीवाला दिवसभर शेतात राबून संध्याकाळी तालमीला यायचा. अनेक वर्षं आला. त्याचं नाव मी एकदाही लिहिलं नाही. त्यानेही कधी विचारलं नाही. गेल्या वर्षी तो गेला. तेराव्याला त्याच्या मुलाने विचारलं, "गुरुजी, शाळंतला एखादा कागद हाय का, बापाचं नाव असलेला?"

माझ्याकडे नव्हता.

तुमच्या गावात यंदा गाण्याचा कार्यक्रम होईल. पत्रिका लिहाल तेव्हा स्टेजच्या मागच्या रांगेत कोण बसणार आहे ते विचारा, आणि लिहा. एका ओळीची तर शाई लागते.