आधी खेळ, मग डबा

चेंबूर पूर्वेला आमच्या गल्लीत एक प्राथमिक शाळा आहे. मोठ्या सुट्टीची घंटा झाली की पहिली-दुसरीची मुलं शेडखाली मांडी घालून डबे उघडतात. डबा संपवायचा, पिशवीत भरायचा, मग नळापाशी रांग, मग बाथरूमची रांग. हे सगळं उरकून मूल पटांगणात उतरतं तेव्हा सुट्टीची जेमतेम पाच-सात मिनिटं उरलेली असतात. पटांगणाच्या मधोमध चौथीच्या मुलांचं क्रिकेट चालू असतं. धाकटी मुलं भिंतीच्या कडेकडेनं वाट शोधतात, आणि कुणी जोरात धावलंच तर लगेच ओरडा ऐकू येतो, ‘पळू नका रे!’ सहा वर्षांच्या मुलांनी पळायचं नाही, तर मग कुणी पळायचं?

अर्धा डबा घरी परत येतो आणि संध्याकाळी आई विचारते, ‘खाल्लं का नाहीस?’ खेळाची वेळ डब्यातूनच कापली जाणार असेल, तर मूल पोळी सोडणारच. अमेरिकेत यूटा राज्यातल्या काही प्राथमिक शाळांनी जेवणाच्या सुट्टीचा क्रम उलटा केला, आधी खेळ आणि मग जेवण. तेव्हा मुलांचं फळं-भाज्या खाण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी वाढलं. हे २०१५ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. या बदलाला जागा लागत नाही की पैसा, लागतं फक्त नवं वेळापत्रक.

‘मुंबईत जागा कुठे आहे?’ हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटं नाही. टिळक नगरसारख्या म्हाडा वसाहतींत जुन्या इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत डबा ऐसपैस आणि लगोरी रंगायची. पुनर्विकासाच्या टॉवरांनी त्यातली बरीच जागा पार्किंगला दिली. पण म्हणूनच शाळेचं पटांगण जास्त मोलाचं झालं आहे. चेंबूरच्या अनेक मुलांना दिवसभरात उघडं आभाळ मिळतं ते फक्त तिथेच. शिक्षण हक्क कायद्यानं २००९ मध्ये शाळेला मैदान बंधनकारक केलं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हरियाणातल्या एका प्रकरणात मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही, असं स्पष्ट सांगितलं.

हा प्रश्न नुसत्या मौजेचाही नाही. तैवानमधल्या एका शाळेनं सुट्टीत सगळ्या मुलांना वर्गाबाहेर काढायचं ठरवलं. वर्षभरात तिथे नव्यानं ऱ्हस्वदृष्टी आलेली मुलं सुमारे ८ टक्के निघाली, तर शेजारच्या शाळेत हेच प्रमाण १७ टक्क्यांहून अधिक होतं. शाळेनं एवढंच केलं होतं की मुलांना उजेडात नेलं होतं.

चेंबूरची हवा ही खरी अडचण आहे. जानेवारी २०१६ मध्ये शेजारच्या देवनारची कचराभूमी पेटली तेव्हा धुरामुळे आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. धुरकट दिवशी धावण्याचे खेळ थांबवावेत, पण त्यासाठी वर्षभर मुलांना वर्गात कोंडण्याचं कारण नाही.

मग करायचं काय? पहिली-दुसरी आणि तिसरी-चौथी यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी ठेवाव्यात, म्हणजे धाकट्यांना पटांगणाचा मधला भाग मिळेल. फरशीवर लंगडीच्या आणि टिक्करच्या चौकटी रंगवाव्यात. कोपऱ्यात पुठ्ठ्याची खोकी, जुने टायर, दोरखंड, जुन्या साड्या ठेवाव्यात. त्यांचं घर करायचं, होडी करायची की दुकान, ते मुलंच ठरवतील. क्रिकेट न जमणारं, एरवी भिंतीला टेकून उभं राहणारं मूलही अशा खेळात हमखास शिरतं. पावसाळ्यासाठी एक बाजू झाकलेली हवी आणि मार्चच्या उन्हासाठी झाड हवं. सुट्टीत एक शिक्षक पटांगणात असावा, तोही शिट्टी फुंकायला नाही, तर पडलेल्याला उचलायला आणि एकट्या पडलेल्याला खेळात घ्यायला. गृहपाठ राहिला म्हणून मुलाची सुट्टी कापणं तर तातडीनं बंद व्हावं. ज्याला वर्गात बसवत नाही, त्यालाच खेळाची गरज सर्वांत जास्त असते.

महाराष्ट्राला हे शिकायला परदेशात जावं लागत नाही. कोसबाडला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत. त्यांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. मुलाचा दिवस जसा आहे तशी शाळा बेतायची, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याला तर फक्त एका सुट्टीचा क्रम बदलायचा आहे.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. येत्या सभेत गणवेश आणि सहलीच्या आधी हा विषय घ्या. आपलं मूल सुट्टीत नेमकी किती मिनिटं खेळतं, हे मुख्याध्यापकांना विचारा आणि त्यांच्यासोबत पटांगणात उभं राहून मोजा. आकडा पाचावर आला, तर दुसऱ्याच दिवसापासून आधी खेळ, मग डबा असं करून बघा.