सळईच्या गावात इंजिनिअरची शाळा हवी

जालन्याच्या एमआयडीसीत पोलादाचे तापलेले बिलेट रोलिंग मिलमध्ये शिरते तेव्हा लालभडक असते. त्याची सळई होऊन ती शेवटच्या रोलमधून बाहेर पडली की तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. वरचा थर क्षणात थंड होऊन कडक बनतो. आतला गाभा मात्र तापलेलाच राहतो आणि त्याची उष्णता बाहेर येताना वरच्या थराचा ठिसूळपणा काढून टाकते. सत्तरच्या दशकात युरोपात पुढे आलेले हे तंत्र आता जालन्यातल्या कामगारांच्या रोजच्या हाताखालचे आहे. माल ट्रकमध्ये चढण्याआधी नमुना ताणून पाहतात, वाकवून पाहतात, त्यातले कार्बन, गंधक आणि फॉस्फरस मोजतात. सळईला परीक्षा आहे आणि प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीतल्या प्रत्येक घाण्याला, ती नव्याने द्यावी लागते. ज्या इंजिनिअरच्या हाती ही सळई पडते, त्याची परीक्षा मात्र कॉलेजातच संपते. पुढची तीस-चाळीस वर्षे तो घरे, गोदामे, शाळा, दवाखाने बांधतो. त्या काळात मानके बदलतात, सिमेंट बदलते, सळई बदलते. पण त्याने नवे काही शिकले का, हे त्याला कोणी विचारत नाही.

हे असे का झाले, ते समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते. पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची शिकलेली माणसे हवी होती म्हणून. रुरकीचे कॉलेज त्याआधी, १८४७ साली, गंगेच्या कालव्याच्या गरजेतून उभे राहिले होते. सरकारला जे बांधायचे होते, त्यासाठी सरकारने माणसे घडवली. त्यात चूक काही नव्हती आणि फळही मोठे मिळाले. पुण्याच्या कॉलेजातून १८८३ साली बाहेर पडलेल्या विश्वेश्वरय्यांना १९०८ च्या मुसी नदीच्या पुरानंतर निजामाने हैदराबादला बोलावून घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण शिक्षणाची गरज सरकारी नोकरीपुरती मोजायची, ही सवय तेव्हा लागली ती आजवर सुटलेली नाही. स्वातंत्र्यानंतर नाशिकला १९५९ मध्ये ‘मेरी’ ही अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली, शासकीय अभियंत्यांच्या प्रशिक्षणाची सोयही नाशिकलाच झाली, औरंगाबादला १९८० मध्ये ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था आली. या संस्थांनी चांगले काम केले. तिथे मुख्यतः शासनाचे अभियंते शिकले. मात्र महाराष्ट्रातली बहुतेक घरे शासनाचे अभियंते बांधत नाहीत.

मराठवाड्याची गोष्ट तर आणखी उशिरा सुरू होते. जालना निजामाच्या राज्यात होते. त्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचे इंजिनिअरिंग कॉलेज १९२९ साली निघाले, तेही दूर हैदराबादला. आपल्या विभागात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यायला १९६० साल उजाडले, म्हणजे पुण्यानंतर शंभराहून अधिक वर्षे. या सगळ्या काळात इथली घरे गवंड्यांनी बांधली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचे माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ती घरे अडाणीपणाची खूण नव्हती. त्यामागे पिढ्यांचे शहाणपण होते. पण सिमेंट-सळईचा स्लॅब आला तेव्हा ते शहाणपण अपुरे पडले आणि नवे ज्ञान खालपर्यंत पोचले नव्हते. दगडी भिंतीत काय चुकले ते डोळ्याला दिसते. काँक्रीटमध्ये चूक सेंट्रिंगच्या फळ्यांआड झाकली जाते आणि वीस-तीस वर्षांनी वर येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातली किल्लारी भूकंपाने हादरली. सरकारी नोंदीप्रमाणेच जवळपास आठ हजार माणसे गेली. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्यामुळे भूकंपाचा विचार करून घर बांधायचे असते, हे लातूर-उस्मानाबादच्या इंजिनिअरला कोणी कधी शिकवलेच नव्हते. पुनर्वसनात पन्नासहून अधिक गावे नव्या जागी उभी राहिली, तर मराठवाड्यात आणि आसपास हजारो घरांची दुरुस्ती आणि मजबुती झाली. तेव्हा प्रशिक्षण झाले. गवंडी शिकले, तरुण अभियंते शिकले, भिंतीच्या कोपऱ्यात दगड कसा बांधायचा आणि लिंटेलच्या पातळीला पट्टा का हवा, हे गावोगाव सांगितले गेले. प्रकल्प संपला आणि वर्गही संपले. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर केंद्र सरकारने भूकंप अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला. त्यात भर होता महाविद्यालयांतल्या शिक्षकांवर. शिक्षक शिकले, ते पुढच्या मुलांना शिकवतील, हा विचार बरोबर होता. पण साइटवर आधीच उभा असलेला इंजिनिअर पुन्हा बाहेरच राहिला. आपत्तीनंतर वर्ग भरवायचे आणि निधी संपला की ते मिटवायचे, या चक्राला आता तीस वर्षे झाली आहेत.

नेमके काय शिकवायचे, असे कोणी विचारील. दोन उदाहरणे देतो. सळईचे मानक आयएस १७८६, त्याची २००८ ची आवृत्ती. त्यात ‘५००’ आणि ‘५०० डी’ अशा दोन प्रती आहेत. दोन्हींची किमान यील्ड ताकद, म्हणजे सळई कायमची ताणली जाऊ लागते तो ताण, सारखीच. मोठा फरक तुटण्याआधी सळई किती लांबते यात आहे: ५०० साठी किमान १२ टक्के, ५०० डी साठी १६. शिवाय डी मध्ये गंधक आणि फॉस्फरसची मर्यादा अधिक कडक आहे. जालन्याच्या भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्नवर चालतात. इंडक्शन भट्टीत फॉस्फरस काढणे सोपे नसते, त्यामुळे आत काय टाकले यावर बरेच ठरते. म्हणून टेस्ट सर्टिफिकेट फाइलला लावण्यासाठी नसते, ते वाचायचे असते. नमुना कुठून घ्यायचा, रासायनिक आकडे कोणत्या रकान्यात पाहायचे, ताण आणि लांबी यांचा मेळ कसा लावायचा, हे प्रत्यक्ष यंत्रासमोर उभे राहून अर्ध्या दिवसात शिकता येते. ते न शिकलेला इंजिनिअर दर आणि ब्रँड पाहून सळई निवडतो.

दुसरे उदाहरण रिंगचे. कॉलमभोवतीच्या रिंगची टोके १३५ अंशात आत वळवायची असतात, काटकोनात नव्हे. भूकंपात कव्हरचे काँक्रीट निखळून पडले की काटकोनातली रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. आयएस १३९२० हे सांगते. ते मानक किल्लारीच्याच वर्षी, १९९३ मध्ये आले आणि २०१६ मध्ये सुधारले गेले. जालना कमी धोक्याच्या पट्ट्यात असल्याने ते इथे बंधनकारक नाही, असे म्हणता येईल. पण १९९३ पर्यंत किल्लारीबद्दल नकाशाही हेच सांगत होता. फिटरला टोक आणखी थोडे वळवायला लागणारा वेळ नगण्य आहे. ते का वळवायचे हे सांगणारा माणूस साइटवर हवा, आणि तो माणूस म्हणजे इंजिनिअर.

डॉक्टरांचे पाहा. महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीचे नूतनीकरण करायचे तर पाच वर्षांत सतत शिक्षणाचे ३० गुण मिळवावे लागतात. सनदी लेखापालांसाठी १९४९ चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा. अभियंत्यांसाठी देशपातळीवर असा कायदा आजही नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० पासून आहे, तिच्या एएमआयईच्या परीक्षेने नोकरी करता करता शिकणाऱ्या पिढ्या घडवल्या. पण सदस्यत्व ऐच्छिक आहे. मुंब्र्याजवळच्या लकी कंपाउंडमधली इमारत २०१३ मध्ये कोसळून ७४ माणसे गेली, २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन पडून १६ जण गेले. अशा प्रत्येक वेळी चर्चा परवानगीची आणि अटकेची झाली. ती व्हायलाच हवी. पण बांधणाऱ्यांना काय येत होते, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच पडतो.

सक्तीचे वर्ग म्हणजे प्रमाणपत्रांची दुकाने होतील, ही भीती खरी आहे. म्हणूनच हे वर्ग हॉटेलच्या सभागृहात नकोत. सळई आणि सिमेंटचे विक्रेते इंजिनिअरांचे मेळावे भरवतात, जेवण देतात, बॅग देतात. त्यातून थोडी माहितीही मिळते. पण माल विकणाऱ्याने दिलेली माहिती त्याच्या मालाभोवतीच फिरणार. शिकवणारा स्वतंत्र हवा आणि शिकणाऱ्याचे हात मळले पाहिजेत.

त्यासाठी जालन्याइतकी सोयीची जागा मराठवाड्यात दुसरी मला दिसत नाही. कारखान्यांत सळई ताणण्याची आणि रसायने तपासण्याची यंत्रे आहेत. शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर २०१८ पासून इथे आहे. काँक्रीटमध्ये आज इतकी रसायने मिसळली जातात की त्या ज्ञानाचीही साइटला गरज आहे. समृद्धी महामार्गामुळे बुलढाण्याचा माणूस सकाळी येऊन संध्याकाळी परतू शकतो. एमआयडीसी तर आपल्या हद्दीत बांधकाम नकाशे स्वतः मंजूर करते. नकाशावर सही करणाऱ्या आणि साइट सांभाळणाऱ्या इंजिनिअरने दर तीन वर्षांनी असा एक वर्ग पूर्ण केलेला असावा, अशी अट ती आपल्या हद्दीपुरती घालू शकते. खर्चाचा मोठा वाटा कारखानदारांनी उचलावा, अभ्यासक्रम आणि परीक्षा तंत्रनिकेतनाच्या हाती राहावी, वर्गात कोणत्याही ब्रँडचा फलक नसावा. भाषा मराठी असावी, कारण फिटरशी आणि गवंड्याशी बोलायचे ते मराठीत किंवा हिंदीत. वर्गासाठी सुट्टी मिळत नाही, ही साइट इंजिनिअरची अडचण खरी आहे. तिला उत्तर आपल्या बांधकामाच्या रिवाजातच आहे: आपल्याकडे बहुतेक मजूर अमावस्येला काम बंद ठेवतात. वर्षाला किमान बारा अमावस्या येतात, आणि पहिल्या अभ्यासक्रमासाठी तेवढे दिवस पुरतील.