विद्युत्-उपचार आणि पाठीवरचे ओझे

चेन्नईच्या जॉर्ज टाउन भागात गोडाऊन स्ट्रीटवर कापडाचा आणि अँडरसन स्ट्रीटवर कागदाचा घाऊक व्यापार चालतो. रस्ते अरुंद असल्याने तेथील पुष्कळसा माल आजही हातगाडीवरून व हमालाच्या पाठीवरून हलतो. अशा श्रमात कंबर धरणे, खांदे भरून येणे हे ठरलेलेच. या दुखण्यावर विजेच्या सौम्य स्पंदांचा उपचार कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने डोकेदुखी व वातरक्त यांवर विद्युत्-मत्स्याचा झटका सुचविला होता. आधुनिक उपपत्ती मात्र मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडली. ठेच लागली की आपण बोट चोळतो. त्या स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत पोहोचून वेदनेच्या संदेशांची वाट अडवितात. त्वचेवर लावलेल्या पट्ट्यांतून सेकंदाला सुमारे शंभर स्पंद दिल्यास हेच कार्य घडते. दोन ते चार स्पंदांनी शरीरातील अफूसदृश वेदनाशामक द्रव्ये स्रवतात, असे मानले जाते. वेदनेमुळे स्नायू आखडतो व आखडल्यामुळे वेदना वाढते. हे चक्र तुटले म्हणजे स्नायू सैल पडतो.

तथापि या आरामाला मर्यादा आहे. २०२२ साली ३८१ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार उपचार चालू असताना किंवा लगेच नंतर वेदना उणावते. परंतु कंबरदुखीसाठी हा उपचार देऊ नये, असा सल्ला ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये दिला. शिवाय हृदयाला पेसमेकर बसविलेल्यांनी तो वैद्याच्या अनुमतीवाचून घेऊ नये. गळ्याच्या पुढील भागावर पट्ट्या कोणीच लावू नयेत.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाचा बोजा ५५ किलोग्रॅमपर्यंत खाली आणावा, अशी शिफारस १९६७ मध्येच केली आहे. हमालाला घटकाभर आराम देणारे यंत्र अवश्य मिळावे; परंतु त्याआधी गठ्ठे लहान व्हावेत, ढकलण्यास हलकी गाडी मिळावी आणि पाठीला विसावा मिळावा. वेदना ही शरीराने दिलेली सूचना होय. ती दडपून तीच पाठ पुन्हा त्याच ओझ्याखाली वाकविली, तर दुखणे बळावण्याचेच भय अधिक.