आधी आराखडा, मग झाड

मुंबई महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे झाडे तोडण्याचे जे प्रस्ताव येतात, त्यांत बहुधा एक विलक्षण गोष्ट आढळते. ज्या प्रश्नाचा निर्णय प्राधिकरणाने करावयाचा, तो प्रश्न प्राधिकरणाच्या दारात येण्यापूर्वीच निकालात निघालेला असतो. इमारतीचा आराखडा तयार असतो, पाया कोठे खणावयाचा ते ठरलेले असते, वाहनतळाची रेघ नकाशावर उमटलेली असते; त्या रेघेच्या आड येणाऱ्या झाडांना तेवढे विचारावयाचे राहिलेले असते! बांधकामाला प्राथमिक मान्यता देताना पालिका विकासकाच्या हाती अटींची एक लांबलचक यादी ठेवते. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आणा, ही त्या यादीतील एक अट. अग्निशमन दलाचा दाखला जसा आणावयाचा, तसाच झाडांचाही.

१९७५ साली महाराष्ट्र विधिमंडळाने नागरी भागांतील झाडांच्या जतनाचा कायदा केला, तेव्हा दाखले वाटणारे एक नवे खाते उघडावे असा त्याचा हेतू खचित नव्हता. झाडावर नोटीस डकवावी, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी, नागरिकांच्या हरकती ऐकाव्यात आणि मगच काय ते ठरवावे, अशी ती योजना आहे. परंतु अंधेरीचा वा बोरिवलीचा एखादा रहिवासी ती नोटीस वाचून हरकत लिहितो, तेव्हा त्याला उत्तर काय मिळते? झाड मंजूर बांधकामाच्या आड येते, हे. उत्तर खरे आहे; आणि नेमके तेच दुःख आहे. बांधकाम मंजूर झाले म्हणून झाड आड आले. झाड आधी मोजले असते तर बांधकाम चार हात बाजूला सरकले असते की नाही, हे पुढे कोणीच सांगू शकत नाही.

गोरेगावच्या आरे वसाहतीत मुंबईने याचे दर्शन घेतलेच आहे. मेट्रोच्या कारशेडची जागा केव्हाच मुक्रर झाली होती. वृक्ष प्राधिकरणाने २९ ऑगस्ट २०१९ रोजी २,६४६ झाडांचा प्रस्ताव मान्य केला. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने हात धरला, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झालेली होती. कारशेड अन्यत्र हलवावी की नाही, यावर त्यानंतरही सरकारे बदलली तशी मते बदलत राहिली. म्हणजे जो वाद आधी व्हावयाचा, तो झाडे पडल्यावर झाला.

किनाऱ्याची कथा याहून निराळी असावी, असे कोणास वाटेल. वेसावे, मालाडची खाडी, चारकोप, गोराई या पट्ट्यातील तिवरांना केवळ पालिकेचे नव्हे तर उच्च न्यायालयाचे संरक्षण आहे. लोखंडवाला संकुलासारख्या वसाहती उभ्या राहिल्या ती भूमी मूळची दलदल; भराव घालीत घालीत शहर खाडीत किती पुढे सरकले, हे जुन्या वेसावकरांना विचारावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पाण्याला जावयास जागा उरली नाही, तेव्हा या दलदलीचे मोल उपनगरवासीयांना छातीभर पाण्यात उभे राहून कळले. तिवराची मुळे गाळ धरून ठेवतात, भरतीचा जोर मोडतात, आणि कोळंबी, खेकडे, जिताडा यांची पिल्ले त्यांच्याच आडोशाला वाढतात. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीस मनाई केली आणि २०१८ साली ती कायम केली. सार्वजनिक हिताचे काम असेल तरच, आणि तेही न्यायालयाच्या अनुमतीने, ही मनाई शिथिल व्हावयाची.

तथापि अनुमतीचा क्रम येथेही तोच. वर्सोवा ते भाईंदर या किनारी रस्त्यासाठी पालिका न्यायालयात गेली ती मार्ग आखून झाल्यावर. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने ४५,६७५ तिवरांच्या तोडीस परवानगी दिली. यांतील बऱ्याच जागी तिवरे पुन्हा लावण्याची हमी आहे, हे आम्ही लपवू इच्छित नाही. मात्र वळविलेल्या वनजमिनीच्या बदल्यातील वनीकरण होणार आहे ते चंद्रपूर जिल्ह्यात! चंद्रपूरला झाडे लावली जावोत, आनंदच आहे. पण चारकोपला भरतीचे पाणी चढेल तेव्हा ती झाडे कोणाच्या कामास येणार? कागदावर जमाखर्च जुळला की नुकसान भरून निघाले, अशी समजूत हिशेबनिसाला शोभते, नगररचनाकाराला नव्हे.

झाडासाठी माणसाला गळक्या छपराखाली ठेवा, असे मात्र आम्ही म्हणत नाही. साठ वर्षांच्या जर्जर इमारतीतील कुटुंबाला पुनर्विकास हवा आहे, आणि लिंक रोडवर रोज दोन तास अडकून पडणाऱ्याला रस्ता हवा आहे. ही गरज खोटी ठरवून वृक्षप्रेम मिरवणाऱ्यांशी आमचे जमत नाही. पण गरज खरी आहे म्हणून पहिला आराखडाच अंतिम मानावा, हे कोठले तर्कशास्त्र?

२०२१ सालच्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी रोपे लावण्याचे बंधन घातले, पन्नास वर्षांवरील वृक्षांना वारसा वृक्षाचा मान दिला आणि दोनशे वा त्याहून अधिक झाडांचे प्रस्ताव राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे सोपविले. या सुधारणा स्वागतार्ह खऱ्या. पण त्यांनी दंड वाढविला, क्रम बदलला नाही. वास्तविक उपाय साधा आहे. भूखंडावरील प्रत्येक झाडाची जात, घेर व जागा दाखविणारा नकाशा, आणि झाडे राखून बांधकाम कसे करता येईल याचा एक तरी पर्यायी आराखडा, हे दोन्ही सोबत असल्याशिवाय पालिकेने प्रस्ताव तपासावयासच घेऊ नये. मोठ्या रस्त्यांच्या बाबतीत दोन मार्गांची तुलना निविदा काढण्यापूर्वी जाहीर व्हावी. झाड वाचविण्याचा खर्च तेव्हा नगण्य असतो. पाया खणल्यावर तो कोट्यवधींचा होतो आणि मग न्यायमूर्तींनाही त्याचा विचार करावा लागतो.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे मुंबईला लोकनियुक्त पालिका नव्हती. रस्ता आखणारा प्रशासक आणि झाडांची हरकत ऐकणारा अध्यक्ष, या दोन खुर्च्यांवर एकच व्यक्ती बसत होती; वादी आणि न्यायाधीश एकच असल्यावर निकालाची उत्सुकता कोणाला राहणार? जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. मते मागताना हिरव्या मुंबईची भाषा सर्वच पक्षांच्या तोंडी होती. अंधेरीपासून दहिसरपर्यंतच्या नगरसेवकांनी आता एवढेच करावे: झाडांचा नकाशा आराखड्याच्या आधी मागण्याचा ठराव सभागृहात मांडावा. तो कोण मांडतो, आणि त्याला विरोध कोण करतो, याची आम्ही नोंद ठेवणार आहोत.