दादाचा रोज

मागच्या वर्षी मिनी प्रोजेक्टसाठी आम्ही तिघींनी एक यंत्र बनवलं आणि ते सातव्या दिवशी उकिरड्यात सापडलं. अगदी खरोखरच्या उकिरड्यात, शेणाखाली. ही गोष्ट आम्ही परीक्षकांना सांगितली नव्हती. (आता सर वाचतीलच, पण मार्क तर मिळून गेलेत!)

यंत्र साधं होतं. माझ्या मामांची राहुरीजवळ शेती आहे. कांदा, थोडा ऊस, चार गाई. ठिबकचे सहा व्हॉल्व्ह ठरलेल्या वेळी एकामागून एक फिरवावे लागतात आणि ते काम दादा करतो. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, वय तेवीस. तो स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. बोलतो फार कमी. आम्हाला वाटलं, बिचाऱ्याला वेळेची आठवण करून द्यायला काहीतरी हवं. म्हणून आर्डुइनोवर टायमर बसवला आणि वर एक बझर. बझर वाजला की दादा दोन्ही कानांवर हात दाबून गोठ्यामागे पळायचा. सहा दिवस त्याने सहन केलं, सातव्या दिवशी यंत्र पुरलं.

गंमत म्हणजे त्याला कुकरची शिट्टी सहन होत नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी बझर लावला, कारण सगळ्या प्रोजेक्टमध्ये बझर असतो. आणि आठवण करून द्यायची त्याला गरजच नव्हती. थ्री फेज लाईट या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, किती वाजता येणार आणि किती वाजता जाणार, हे मामा त्यालाच विचारतात. त्याची अडचण वेगळी होती. मामांनी मध्येच व्हॉल्व्हचा क्रम बदलला की तो गोंधळायचा आणि चिखलात बसून राहायचा, तासभर सुद्धा. शेवटी आम्ही ऑइलपेंटचे सहा छोटे डबे आणले, प्रत्येक व्हॉल्व्हला एक रंग दिला आणि गोठ्याच्या भिंतीवर सहा खिळ्यांची फळी ठोकली. संध्याकाळी मामा त्याच रंगांची झाकणं उद्याच्या क्रमाने खिळ्यांना अडकवतात. सकाळी दादा फळी बघतो आणि निघतो. खर्च पाचशेच्या आत. हा प्रोजेक्ट म्हणून कुणी पास केला नसता, पण चालतोय अजून.

अमेरिकेत टेंपल ग्रँडिन नावाच्या बाई आहेत, जन्म 1947 चा, स्वतः स्वमग्न. गुरं हाताळायच्या वाटा आणि कठडे यांचं डिझाइन हा त्यांचा विषय. गुरं एखाद्या वाटेवर का अडतात हे बघायला त्या स्वतः त्या वाटेत शिरल्या. तिथे त्यांना दिसलं, की लोंबणारी साखळी किंवा जमिनीवरची सावली एवढ्यानेही जनावर थबकतं. आम्ही तिघी दादाच्या जागी एकदाही उभ्या राहिलो नव्हतो.

आता थोडं माझ्याबद्दल. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी काढल्या असतील ही आशा. आमच्या स्कूलमध्ये वर्षातून एकदा साबण आणि बिस्किटं घेऊन एखाद्या संस्थेत नेत. आम्ही दोन गाणी म्हणायचो, तिथली मुलं टाळ्या वाजवायची, आम्ही बसमध्ये बसून घरी. सिस्टर्स मनापासून करायच्या, त्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण माझ्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलं, की ही मुलं म्हणजे ज्यांना द्यायचं ती. आणि ती कायम मुलंच राहतात. दादाला मिशी आली तेव्हा मला चक्क धक्का बसला होता.

खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले, त्यात स्वमग्नता आली, हे चांगलंच झालं. पण मोफत शिक्षणाचा हक्क त्यात 18 वर्षांपर्यंतच आहे. दादाची विशेष शाळा सुटली त्या दिवशी मामींनी पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा दप्तर घेऊन रस्त्यावर उभा होता. रिक्षा येणार नव्हती. तो अकरा वाजेपर्यंत उभा राहिला. असं पुढे दोन महिने चाललं. शिवाय एक गोष्ट तर मामांनाही माहीत नव्हती. मुलगा 18 चा झाला की आईवडीलसुद्धा कायद्याने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. कार्ल कोनिग नावाचे व्हिएन्नाचे डॉक्टर हिटलरपासून पळून स्कॉटलंडला आले आणि 1940 मध्ये अ‍ॅबर्डीनजवळ त्यांनी अशा मुलांसाठी कॅम्पहिल सुरू केलं. मुलं आणि सांभाळणारे एकाच घरात, एका टेबलावर. मग व्हायचं तेच झालं, मुलं मोठी झाली! आता पुढे काय, असं पालक विचारू लागले. त्याचं उत्तर म्हणून 1955 मध्ये यॉर्कशायरमध्ये बॉटन नावाचं अख्खं गाव उभं राहिलं. मोठ्या माणसांचं, शेतीचं, गाईंचं.

याच कॅम्पहिलपासून प्रेरणा घेऊन 1990 च्या दशकात आपल्या शेजारी, पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यात कोळवणला 'साधना व्हिलेज' उभं राहिलं. मेधा टेंगशे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे राहणाऱ्या प्रौढांना 'विशेष मित्र' म्हणतात. वॉर्ड नाहीत, घरं आहेत आणि प्रत्येक घरात सोबत राहणारी माणसं आहेत. मामा जाऊन बघून आले. त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल? ही संस्था आजूबाजूच्या खेड्यांमध्येही काम करते. मामा म्हणाले, "गावाला बी त्यांची गरज हाये, अन् त्यांना गावाची." डोंबिवलीजवळ खोणीला 'अमेय पालक संघटने'चं 'घरकुल' आहे. ते तर पालकांनीच एकत्र येऊन उभं केलं.

मग दादाला कोळवणला का नाही ठेवलं? मामी म्हणाल्या, लांब आहे. दीडशे किलोमीटरहून जास्त. मला ते कारण आधी भाबडं वाटलं होतं. पण दादाचे व्हॉल्व्ह इथे आहेत, त्याची चाळ इथे आहे, कोणत्या गाईला कुठे खाजवायचं हे त्याला इथलं माहीत आहे. मला म्हणायचंय ते एवढंच, की असं काहीतरी आपल्या जिल्ह्यात हवं. अगदी कोळवणएवढं मोठं नको. चार-पाच घरची मुलं, कुणाची तरी दोन एकर, एक शेड आणि एक पगारी माणूस. दिवसा काम, संध्याकाळी घरी. आणि पुढे आईबाप थकले की राहायला दोन खोल्या. नगरला (कागदावर अहिल्यानगर झालं तरी एसटी स्टँडवर अजून नगरच म्हणतात) अशी कामं होत नाहीत असं कुणी म्हणू नये. शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या मनोरुग्ण महिलांसाठी 'माऊली' उभी केलीच ना! तो प्रश्न वेगळा, पण हिंमत तीच लागते.

शेतीच का, असं माझ्या रूममेटने विचारलं. "म्हणजे ज्याला काहीच जमत नाही त्याने शेती करायची?" हे वाक्य तिने मामांसमोर म्हणायला हवं होतं. कांदा निवडणं सोपं वाटतं. डेंगळा वेगळा, जोड वेगळा, गोल्टी वेगळी, आणि सडायला लागलेला एक जरी चाळीत गेला तरी ढिगाची वाट लागते. तो एक कांदा दादाला वासावरून कळतो. त्याच्या हातची गोल्टी बघा, सगळी एका मापाची. शेतीचं काम डोळ्यांना दिसतं, ते कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं हेही दिसतं, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तेच काम परत येतं. आमच्या दादाला हे मानवतं. सगळ्यांना मानवेल असं नाही. त्याच्या शाळेतल्या एकाला ओल्या मातीचा स्पर्शच सहन होत नाही. त्याला पॅकिंग द्या, वजनकाटा द्या, हिशेब द्या. विहिरीला कठडा हवा, फवारणीच्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. उगाच 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे लिहिणाऱ्यांनी एकदा एप्रिलमध्ये कांदा काढायला यावं.

त्या एप्रिलचीच गोष्ट. पीएल होती म्हणून मी मामांकडे अभ्यासाला गेले होते. संध्याकाळी मामा काढणीच्या बायांना रोज वाटत होते. दादा येऊन रांगेत शेवटी उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. मामी हसल्या. त्यांनी त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. तो हलला नाही. त्याने पुढच्या बाईच्या हातातल्या नोटांकडे बघितलं, मग स्वतःच्या. मग परत हात पुढे. एक म्हातारी बाई म्हणाली, "त्याचा बी रोज द्या की मालक. आमच्या संगं दिसभर निवडलंय पोरानं." मामा बराच वेळ वहीत बघत बसले. मग त्यांनी पंधरा नावांखाली सोळावं नाव लिहिलं आणि पैसे मोजले.

म्हणून अशी जागा निघाली तर तिथे मजुरी द्यायची, 'थेरपी' म्हणून फुकट राबवायचं नाही, यावर मी भांडणार आहे. आत्तापासूनच भांडते आहे, मामांशी.

एक कबुली राहिली. दिवाळीत मामा सहज म्हणाले, "तुम्ही बहिणी हाये, म्हणून मला घोर नाही." मी हसले आणि रात्रभर झोप लागली नाही. मला बंगळूरला नोकरी करायची आहे. दादाला जन्मभर सांभाळायचं, हे मी कधी मनाशी ठरवलेलं नाही आणि खरं सांगायचं तर ठरवायला घाबरते. मी वाईट बहीण असेन. पण माझ्यासारख्या बहिणी घरोघर आहेत, आणि त्यातल्या एकीच्या चांगुलपणावर एका माणसाचं सगळं आयुष्य टांगून ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

पुढच्या महिन्यात शाळेतल्या चार मुलांचे आईवडील मामांच्या ओट्यावर बसणार आहेत. मामा दोन गुंठे आणि जुनी कांदाचाळ द्यायला तयार आहेत, बाकी सगळं व्हायचंय. सिव्हिलवाल्यांपैकी कुणी शेडचा आराखडा करून देणार असेल तर मला मेसमध्ये भेटा. पत्र्यावर पाऊस वाजणार नाही असं छप्पर हवंय. आणि स्वयंपाकघर लांब, कुकरची शिट्टी ऐकू येणार नाही इतकं.