आरोग्य-विवेक : शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन महिने



सौंदर्यासाठी करावयाची शस्त्रक्रिया हा विषय आपल्या घरांत अजूनही दार लोटून बोलला जातो. दोन-तीन बाळंतपणांनंतर सैल पडलेले पोट, पुष्कळ वजन घटविल्यावर लोंबणारी कातडी, यांसाठी ‘टमी टक’ करून घेणाऱ्या भगिनी आपल्या समाजातही आहेत. ती करावी की करू नये, हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु एकदा निश्चय झाला, की शरीर पूर्ववत होण्याची तयारी कधी सुरू करावी, याचे उत्तर शस्त्रक्रियेनंतर शोधून चालत नाही. ती तयारी आठ आठवडे आधी सुरू व्हावी लागते. आपल्या आहाराचे व व्रतांचे नियम लक्षात घेता, इतर घरांपेक्षा आपल्याला तिची गरज अधिक आहे.

ही शस्त्रक्रिया म्हणजे ब्यूटी पार्लरमधील उपचाराची पुढची पायरी नव्हे. ओटीपोटाच्या खालच्या बाजूस एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत छेद घेतात, पोटावरील कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून वर उचलतात, विलग झालेले स्नायू शिवून जवळ आणतात आणि जादा कातडी कापून टाकतात. बहुधा पूर्ण भूल द्यावी लागते. उचललेल्या कातडीला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांपैकी अनेक या वेळी तुटतात. उरलेल्या वाहिन्यांच्या आधारावर ती जगते आणि जखम भरते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, तर डॉक्टरांच्या बहुतेक सूचनांचे कारण आपोआप उलगडते.

पहिली सूचना तंबाखूची. निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि उचललेल्या कातडीचा भाग काळा पडून गळण्याचा धोका वाढतो. “आमच्याकडे कोणी सिगारेट ओढत नाही,” एवढे उत्तर पुरेसे नाही. गुटखा, मावा, मशेरी आणि निकोटीनचे च्युइंगगम यांतूनही तेच द्रव्य रक्तात जाते. किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर हे सर्व पूर्ण बंद हवे.

दुसरी गोष्ट शरीरातील शिलकेची. स्त्रियांचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो पांडुरोग समजला जातो. लोहाच्या गोळ्यांनी ते वर यावयास कित्येक आठवडे लागतात. म्हणून रक्ततपासणी दोन महिने आधीच करावी. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता वारंवार आढळते. त्याची तपासणी त्याच वेळी व्हावी. मधुमेह असल्यास एचबीए१सी पाहावे. मागील दोन ते तीन महिन्यांच्या साखरेचा ताळेबंद त्यात दिसतो. साखर चढलेली असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, अशा वेळी तारीख पुढे ढकलणेच हिताचे.

जखम भरण्यास प्रथिने लागतात. निरोगी प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर ती १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत लागतात. म्हणजे ६० किलो वजनाच्या भगिनीस रोज ७२ ते ९० ग्रॅम. शिजलेल्या डाळीच्या एका वाटीत सहा-सात ग्रॅमच प्रथिने असतात. तेव्हा केवळ वरण-भात व पोळी-भाजी यांवर हा आकडा गाठत नाही. मूग, मटकी, चणे, सोयाबीन, शेंगदाणे, पनीर, दूध, दही यांची रोजची वाटणी आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्यावी. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही आणि डाळ वेगवेगळ्या वेळी ठेवावीत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

आता तपश्चर्येविषयी. वर्षीतप चालू असताना, अठ्ठाईच्या पारण्यानंतर लगेच, किंवा आयंबिल ओळीच्या तोंडावर ही शस्त्रक्रिया ठरवू नये. उपवासात शरीर स्वतःच्या साठ्यावर चालते आणि आयंबिलात दूध, तूप, तेल वर्ज्य असते. नेमके त्याच काळात जखमेचे मागणे मोठे असते. त्यानंतरही शल्यचिकित्सक अनुमती देईपर्यंत दीर्घ तप थांबवावे. या शस्त्रक्रियेला कसलीही घाई नसते. चातुर्मास आणि पर्युषण पार पडल्यावर तारीख घेता येते. ज्यांचे पच्चक्खाण चालू आहे त्यांनी महाराजसाहेबांना आधीच विचारावे. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार असतात. त्यांची माहिती रुग्णालयाच्या खाटेवर पडल्यावर घेण्यापेक्षा आधी घेतली, तर मन निःशंक राहते.

चौविहाराचा प्रश्न याहून नाजूक आहे. भूल देण्यापूर्वी साधारणतः सहा तास हलके अन्न आणि दोन तास पाणी बंद ठेवावयास सांगतात. जी व्यक्ती सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, तिची शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला असेल आणि तिने सकाळीही पाणी घेतले नाही, तर हिवाळ्यात सुमारे सतरा तास ती कोरडी राहते. यात भोवळ, मळमळ आणि डोकेदुखी वाढते. भूलतज्ज्ञांना ही गोष्ट आधी सांगितली, तर मार्ग निघतो. सूर्योदय सातला असेल तर नवकारसी ७ वाजून ४८ मिनिटांनी पूर्ण होते. शस्त्रक्रिया अकराला असेल आणि भूलतज्ज्ञांची अनुमती असेल, तर नऊपर्यंत उकळलेले पाणी घेता येते. रात्रीच्या औषधांचेही तसेच. दिवसातून दोनदा घ्यावयाची औषधे योजता येतील का, हे विचारावे; तसे शक्य नसेल तर पहिल्या काही दिवसांची सवलत महाराजसाहेबांकडून घ्यावी. वेदनाशामक गोळी चुकवून रात्रभर विव्हळत राहिल्याने चालणे आणि खोल श्वास घेणे थांबते, आणि गुंतागुंत वाढते.

औषधांची यादी करताना काहीही गाळू नये. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, ई-जीवनसत्त्वाच्या गोळ्या, जिनसेंगसारखी वनौषधे यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मात्र हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेले रक्त पातळ करणारे औषध स्वतःहून कधीही बंद करू नये. वजन घटविण्याची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, म्हणून त्यांची माहिती भूलतज्ज्ञांना हवीच. पूजा वा लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या अनेक भगिनी घेतात आणि त्यांना औषध समजत नाहीत. त्या व गर्भनिरोधक गोळ्या यांमुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढू शकते, आणि या शस्त्रक्रियेतील सर्वांत गंभीर धोका हाच आहे.

अहिंसेच्या दृष्टीने आणखी एक चौकशी आधीच करावी. कॅप्सूलचे कवच बहुधा प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनचे असते; गोळी किंवा शाकाहारी कवच मागता येते. कॅटगट नावाचा धागा प्राण्यांच्या आतड्यापासून बनतो. त्याऐवजी पॉलिग्लॅक्टिन, नायलॉन असे कृत्रिम धागे उपलब्ध आहेत. गुठळी टाळण्यासाठी दिले जाणारे हेपॅरिन व एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून तयार होते. फॉन्डापॅरिनक्स हे कृत्रिम औषध आहे, परंतु ते कोणास योग्य हे डॉक्टरच ठरवतील. आपला निर्णय शांतपणे विचार करून, लेखी, आधी द्यावा. ऐनवेळी नातेवाइकांनी वाद घालणे रुग्णाच्या हिताचे नाही.

यानंतर घराची तयारी. पहिले दोन दिवस एक प्रौढ व्यक्ती सतत जवळ हवी आणि पुढील दोन आठवडे स्वयंपाकघर दुसऱ्या कोणाकडे हवे. सहा आठवडे चार-पाच किलोहून अधिक वजन उचलू नये. यात पाण्याची कळशी, कापडाचे तागे आणि कडेवर येऊ पाहणारे दोन वर्षांचे मूलही आले. पहिल्या आठवड्यात किंचित वाकून चालावे लागते, तसेच पाठीशी व गुडघ्यांखाली उशा घेऊन झोपावे लागते. खाली बसून उठणे कठीण जाते, म्हणून कमोडची सोय आधी पाहावी. सामायिक खुर्चीवर बसून करावे. खमासमण आणि तीर्थाच्या पायऱ्या डॉक्टरांच्या अनुमतीपर्यंत थांबवाव्यात. पोटाचा दाबपट्टा काही आठवडे वापरावा लागतो. निचरा नळी असल्यास रोज किती मिलिलिटर द्रव आला, याची वेळेसह वहीत नोंद करावी. नळी केव्हा काढायची हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतात. बद्धकोष्ठतेने टाक्यांवर ताण येतो, म्हणून दिवसा भरपूर पाणी प्यावे आणि डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावे. पहिल्या दिवसापासून आधार घेऊन थोडे थोडे चालणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे.

पुढील लक्षणे कागदावर लिहून दर्शनी भागी लावावीत. एका पोटरीत सूज व वेदना, धाप लागणे, छातीत दुखणे : तत्काळ रुग्णालय, मध्यरात्र असली तरी. ताप १०० अंश फॅरेनहाइटच्या वर जाणे, लाली पसरणे, दुर्गंधीयुक्त स्राव, पोट एका बाजूस अचानक फुगणे, कातडी काळसर होणे : त्याच दिवशी शल्यचिकित्सकांना दूरध्वनी.

व्यवहाराचेही दोन शब्द. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही आणि तिच्यावर जीएसटी लागतो. अंदाजपत्रकात भूल, औषधे, दाबपट्टा आणि पुनर्तपासणी धरली आहे का, हे विचारावे. शल्यचिकित्सकाकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डीएनबी पदवी आहे ना, याची खात्री करून घेण्यात संकोच नसावा. घरात लग्न असेल तर त्याच्या निदान सहा महिने आधी शस्त्रक्रिया व्हावी. सूज उतरण्यास काही महिने आणि व्रण फिका पडण्यास वर्षभर लागते. दुसऱ्या आठवड्यात आरशात सुजलेले पोट पाहून मन खचते. तेही अपेक्षितच आहे.

सर्वांत मोठा अडथळा मात्र लपवाछपवीचा. “माहेरी जाऊन येते” असे सांगून शस्त्रक्रिया करवून आठव्या दिवशी घरी परतलेल्या सुनेस तव्यापुढे उभे राहावे लागते, कारण विश्रांती मागण्याचे कारण तिला सांगता येत नाही. रात्री पोटरी दुखली तर ती कोणास उठवणार? साऱ्या संघाला सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु पती, सासूबाई किंवा जाऊबाई, आणि नेहमीचे डॉक्टर या तिघांना ठाऊक असलेच पाहिजे. या तिघांपैकी एकालाही सांगण्याचे धैर्य होत नसेल, तर तारीख घेऊ नये. धैर्य झाले, की दिनदर्शिकेवर त्या तारखेपासून आठ आठवडे मागे मोजावे आणि त्या दिवशी रक्ततपासणी करून आरंभ करावा.