कथा छापा, पण सांगणाऱ्याच्या नावासह

संपादक महोदय,



आपल्या रविवार पुरवणीत विदर्भातल्या गोंडांच्या लोककथांवर आलेला लेख वाचला. जुनी माणसे जात आहेत, त्यांच्याबरोबर कथा आणि गाणीही जात आहेत, ती वेळीच गोळा केली पाहिजेत, ही लेखकाची तळमळ खरी आहे आणि तिच्याशी माझे भांडण नाही. माझा आक्षेप ही गोळाबेरीज कशी होते याला आहे. लेखासोबतच्या कथा सफाईदार मराठीत होत्या. त्या कोणी सांगितल्या, कोणत्या गावी, कोणत्या प्रसंगी, मूळ बोल काय होते, याबद्दल एक ओळही नव्हती. संकलकाचे नाव मात्र ठळक अक्षरांत होते. हा एकट्या त्या लेखाचा दोष नाही. आपल्याकडे शिरस्ताच तसा पडला आहे आणि तो मोडायची वेळ आली आहे.

हा शिरस्ता जुना आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाच्या, तोंडून गोंडांचा आद्य पुरुष लिंगो याची गाथा उतरवून घेतली होती. 1863 मध्ये टाकळघाटाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात त्यांचा अंत झाला. त्यांची कागदपत्रे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी 1866 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय आजही नागपुरात दिमाखात उभे आहे. टेंपल यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकांत आहे. पण ज्याच्या कंठात ती गाथा होती, त्या परधानाचे नाव आज किती जणांना सांगता येईल?

तरीही त्या पुस्तकाने एक काम चोख केले. गाथेचे गोंडी बोल रोमन लिपीत जसेच्या तसे छापले आणि त्याखाली शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी अर्थ दिला. त्याचे मोल आज कळते. पुढे 1871 मध्ये कॅप्टन फोर्सिथने हीच गाथा आटोपशीर करून, लाँगफेलोच्या ‘हायवाथा’च्या चालीवर इंग्रजी पद्यात बसवली. विसाव्या शतकात नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या गोंड अभ्यासकांनी, बाहेरच्यांनी सांगितलेल्या लिंगोवर पुराणांची पुटे चढली आहेत, असा आक्षेप घेऊन ‘पारी कुपार लिंगो’ची मांडणी आपल्या समाजाच्या बाजूने केली. त्यांचे सगळेच निष्कर्ष पटतील असे नाही. पण हा वाद पुराव्यानिशी घालता येतो, कारण निदान एक जुना गोंडी पाठ समोर आहे. आपल्या आजच्या संग्रहांतून असा वाद उद्या कोणाला घालता येईल? मूळ बोलच ठेवलेले नाहीत. संकलकाच्या मराठीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

आमच्या केळापूर भागात परधान समाज आहे. हे गोंडांचे परंपरागत गायक. चारदेवे, पाचदेवे, सहादेवे, सातदेवे या गोंडांच्या शाखांची, त्यांच्या कुळांची आणि पेनांची, म्हणजे कुळदेवांची, हकिकत त्यांच्या गळ्यात असते. घरी मराठी बोलणारा परधान देवापुढे मात्र गोंडीत गातो. अशा एका वृद्ध परधान गायकाकडे आलेला संशोधक विद्यार्थी मी पाहिला आहे. आजोबांनी किंगरी काढली, तारा जुळवायला घेतल्या. तो म्हणाला, “वाद्य राहू द्या बाबाजी, गोष्ट तेवढी सांगा. मराठीतच सांगा.” आजोबांनी किंगरी बाजूला ठेवली आणि रात्रभर चालणारी लिंगोची कथा पंधरा-वीस मिनिटांत सांगून टाकली. मध्येच अडखळत होते. सुराचा आधार सुटल्यावर पुढचे कडवे ओठांवर येत नव्हते. मग प्रश्नावली निघाली. त्यात वय, शिक्षण, वार्षिक उत्पन्न असे रकाने होते. शिक्षणापुढे ‘निरक्षर’ असे लिहिले गेले. शेकडो कडवी ज्यांना मुखोद्गत आहेत, त्यांच्याबद्दल विद्येच्या दरबारी झालेली नोंद एवढीच! तो मुलगा वाईट नव्हता. त्याला जसे शिकवले होते, तसे त्याने केले. म्हणूनच प्रश्न शिकवणाऱ्यांचा आणि पदव्या देणाऱ्यांचा आहे.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. लोकसाहित्य सगळ्या समाजाचे असते, त्याला कर्ता नसतो, मग नाव कोणाचे द्यायचे? परंपरा समाजाची असते हे खरेच. पण ती गातो तो एक माणूस असतो. तो कोणाकडे शिकला हे सांगतो, एखादा प्रसंग लांबवतो, एखादा गाळतो. एकच कथा दोन गायकांच्या तोंडी दोन तऱ्हांनी येते. वारल्यांचा लग्नचौकही समाजाचाच होता, तो चित्राचा चौक सुवासिनी भिंतीवर लिहीत. पण गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचे नाव जगापुढे आले, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यामुळे परंपरेचे काही बिघडले असे कोणी म्हणत नाही. उलट वारली कलेचा मान वाढला. त्याच लग्नात चौकाशी बसून गाणारी धवलेरी मात्र पुस्तकात नुसती ‘एक वारली स्त्री’ असते. चित्रकाराला नाव असू शकते, तर गाणाऱ्या बाईला का नसावे?

दुसरा युक्तिवाद, गोंडी वाचणार कोण? 2011 च्या जनगणनेनुसार गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख आहेत. आज महाराष्ट्रातली त्यांची मुले शाळेत देवनागरी शिकतात. आपल्या आजोबांचे बोल त्यांना उद्या देवनागरीत वाचता येतील. पण ते छापलेच नाहीत, तर वाचणार काय? हे काम अशक्यही नाही. हैदराबाद संस्थानच्या नोकरीत असताना आपल्या सेतुमाधवराव पगडींनी आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून अभ्यास केला आणि गोंडीचे व्याकरण लिहिले. गुजरातेत खेडब्रह्मा भागात डॉ. भगवानदास पटेलांनी डुंगरी भिलांची महाकाव्ये ध्वनिमुद्रित करून मूळ भिली बोलांसह प्रसिद्ध केली, आणि भिलांच्या ‘भारथ’बरोबर नाथाभाई गमार या गायकाचे नावही लोकांपुढे आले. शेजारच्या राज्यात जे होते, ते महाराष्ट्रात का होऊ नये?

तिसरी गोष्ट संमतीची. प्रत्येक कथा कधीही, कोणापुढेही सांगायची नसते. पेरसापेनच्या, म्हणजे थोरल्या देवाच्या, पूजेत जे गायले जाते, ते त्या पूजेचा भाग आहे; काय बाहेर द्यायचे आणि काय नाही, हे ठरवण्याचा हक्क त्या समाजाचा आहे. कायदाही त्यांच्या बाजूने आहे. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार दिलेला आहे. जंगल आणि जमिनीसाठी ग्रामसभेचा ठराव लागतो हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. गावाचे गाणे नेतानाही ग्रामसभेला विचारायला काय हरकत आहे?

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. विद्यापीठांनी लोकसाहित्यावरचा प्रबंध स्वीकारताना मूळ ध्वनिमुद्रण आणि देवनागरीत उतरवलेला मूळ पाठ सक्तीचा करावा. सांगणाऱ्याची हरकत नसेल, तर त्याचे नाव, गाव आणि कथा सांगितल्याचा प्रसंग नोंदवावा. पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ यांनी अशा मुद्रणांचा साठा ठेवावा आणि त्याची एक प्रत त्या ग्रामसभेला, एक जवळच्या आश्रमशाळेला बिनशर्त द्यावी. संशोधनाच्या अनुदानात प्रवासखर्च असतो, टंकलेखनाचा खर्च असतो. तसे गायकाचे मानधनही असावे. रात्रभर गाणाऱ्या माणसाची चहा-बिडीवर बोळवण करणे हा त्याच्या विद्येचा अपमान आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टींना शासनाचे आदेश लागतील, समित्या बसतील, वर्षे जातील. आपल्याला मात्र कोणाच्या आदेशाची वाट पाहायची नाही. पुरवणीतल्या त्या कथा ज्यांनी सांगितल्या, त्यांची नावे लेखकाकडून मागवून घ्या आणि त्यांची संमती असेल, तर पुढच्या रविवारी छापा. इथून पुढे आदिवासी कथा छापताना सांगणाऱ्याचे नाव आणि गाव वरच्या ओळीत आणि संकलकाचे खाली, असा नियम आपल्या वृत्तपत्राने करावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
पांढरकवडा, जि. यवतमाळ